मामांची हजेरी

एका जागी बूड टेकवून बसणं मला जमत नाही. वर्गात शिकवतानाही मी फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारते आणि पोरं माना फिरवून फिरवून थकतात. भात शिजत असेल तर झाकण दहादा उघडून बघते. नवरा म्हणतो, "तू देवळात गेलीस तरी देव म्हणत असेल, बाई, आधी खाली बस." अशा बाईने रेडिओचा नाद लावून घ्यावा ही गंमतच आहे, कारण या नादात अर्ध्याहून जास्त काम वाट बघण्याचं असतं. आपण बोलायचं, बटण सोडायचं आणि मग गप्प राहून ऐकायचं.

हिंगोलीतला आमचा क्लब लहानसा आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेले आणि केवळ हौसेखातर वायरलेसवर बोलणारे थोडे लोक. जगभर अशांना हॅम म्हणतात. आमच्यातल्या एकांचं हळदीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे, मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, बाकीचे कोणी शेती बघतात, कोणी कचेरीत आहेत. औंढ्याच्या बाजूला एका टेकडीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत आमचा रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेली एक पेटी. हातातल्या छोट्या संचाचा आवाज वेशीपाशी जाऊन दमतो. ही पेटी तो झेलते आणि त्याच क्षणी जोरात पुढे फेकते. तिच्यामुळे हिंगोलीतला माणूस शिरड शहापूरच्या नाहीतर पुसेगावच्या माणसाशी बोलू शकतो. मोबाईल असताना हे कशाला, असं लोक विचारतात. क्रिकेट खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही की चेंडू हातानेच उचलून सीमेपार का नेऊन ठेवत नाहीस. मी आता उत्तर देणं सोडलं आहे.

रोज सकाळी आमची हजेरी असते. ती घ्यायचं काम माझ्याकडे आहे, कारण बाकीच्यांचं म्हणणं, हिला काहीतरी काम दिलं नाही तर ही मध्ये मध्ये बोलते. मी एकेकाचं कॉलसाइन पुकारते. कॉलसाइन म्हणजे सरकारने दिलेली अक्षरांची खूण, हवेतलं आमचं नाव. ज्याचं कॉलसाइन तो ते स्वतः उच्चारतो, हवापाणी सांगतो, कोणाची हळद शिजायला लागली, कोणाचा अँटेना वाऱ्याने वाकला ते सांगतो, आणि मी पुढच्याकडे जाते.

मामांचं कॉलसाइन मी सगळ्यात शेवटी घेते.

मामा म्हणजे माझे नात्याचे कोणी नव्हेत. ते बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगणारा जो आवाज असतो, तो आमच्या काळी मामांचा होता. मी शिरड शहापूरहून हिंगोलीला कॉलेजला जा-ये करत होते. त्या गर्दीत, त्या पेट्या-गाठोड्यांत आणि भजीवाल्यांच्या आरोळ्यांत तो आवाज असा स्वच्छ यायचा की गाडी तासभर उशिरा आहे हे ऐकूनही माणसाला फार वाईट वाटत नसे. माइकवर ते पुस्तकी मराठी बोलत आणि माइक बंद झाला की तांड्यावरची. पुसेगावच्या पुढे त्यांचा तांडा. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला आणि हे खुर्चीत बसून गाड्या हाकतात, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

एकदा गाडी उशिरा होती आणि मी फलाटावर येरझारा घालत होते. मामा खोलीतून बाहेर आले.

"काहून फेऱ्या मारून राहिलीस, पोरी? तू चालल्यानं गाडी लवकर येते का?"

मी काहीतरी उद्धट बोलले असणार. त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर ठिपके आणि रेघा होत्या, मोर्सची बाराखडी. "हे पाठ कर. येईल तवर गाडी." गाडी आली तेव्हा माझी सात-आठ अक्षरं झाली होती आणि गाडी लवकर आली म्हणून मी चिडले होते. पुढे त्यांनीच मला परीक्षेला बसवलं, त्यांनीच पहिला अँटेना बांधायला शिकवलं. घरच्यांना वाटलं, पोरगी हेरगिरी शिकते की काय. मामा शिरड शहापूरला येऊन माझ्या वडलांबरोबर चहा पिऊन गेले तेव्हा कुठे घर शांत झालं.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वास तिथून, आणि आवाज कायमचा गेला. ज्याच्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्याने गाड्या पकडल्या त्या माणसाचा. तांड्यावर भेटायला गेले तेव्हा मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही. तुळईकडे, कणगीकडे, दाराकडे, सगळीकडे बघत बसले.

त्यानंतरच्या एका सकाळी हजेरी घेताना माझ्या तोंडून सवयीने त्यांचं कॉलसाइन निघून गेलं. जीभ चावली. कुठून निघालं हे, आता सगळ्यांना वाईट वाटणार, म्हणून घाईने पुढचं काही बोलणार तोच स्पीकरमधून आवाज आला: खट्. जरा थांबून पुन्हा खट्. कोणीतरी दोनदा बटण दाबून सोडलं होतं. आणि दोन्ही वेळा, बटण दाबलेलं असताना, मागचा पंखा ऐकू आला, एक कोंबडी, कुठेतरी मामींनी आपटलेलं भांडं, आणि त्या भोकातून येणारा श्वास. मामा आपल्या बाजेवर बसलेले मला कानांनी दिसले.

नियमाने बघायला गेलं तर हे चुकीचंच. कॉलसाइन न उच्चारता नुसतं बटण दाबणं आमच्यात असभ्यपणा समजतात. नवखे लोक करतात आणि शिव्या खातात. पण त्या दिवशी मी म्हटलं, "मामा हजर आहेत," आणि त्यांच्या वतीने त्यांचं कॉलसाइन मी उच्चारलं. तेव्हापासून तीच रीत पडली. दोन खटके, मग मी त्यांचं नाव घ्यायचं, मग सगळ्यांनी थोडं गप्प राहायचं. क्लबमध्ये नियमांवरून भांडणारे लोक कमी नाहीत, त्यांतली पहिली मीच. यावरून मात्र कोणी तोंड उघडलं नाही.

आता गोष्ट अशी झाली की रिपीटर म्हातारा झाला. उन्हाळ्यात तापून तो बंद पडायचा, त्याचे सुटे भाग मिळेनात, आणि टेकडीवरची वानरं केबल कुरतडायची ती वेगळीच. अशात एका मोठ्या शहरातल्या क्लबने आपला वापरलेला डिजिटल रिपीटर आम्हाला देऊ केला. बॅटरीवाले भाऊ स्वतः जाऊन तो घेऊन आले आणि दुकानात नव्या नवरीसारखा मधोमध ठेवला.

"मॅडम, जुनं मशीन दम तोडून राहिलं," ते म्हणाले. "यात बघा, खरखर बिल्कुल न्हाई. एकाच वेळेला दोन जण बोलू शकतात. बोलणाऱ्याचं कॉलसाइन पडद्यावर दिसतं. कयाधूला पूर आला तर आपण तहसीलला बराबर निरोप देऊ शकतो. अजून काय पाहिजे?"

मलाही हवाच होता. नवीन वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. त्यांनी चालवायला दिलेले दोन डिजिटल संच मी त्याच दिवशी घरी नेले. नवऱ्याला गच्चीवर उभं केलं आणि मी स्वयंपाकघरात. तो म्हणाला, "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि माझ्या हातात जे उमटलं ते त्याचं होतं आणि नव्हतंही. शब्द स्पष्ट, पण माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलत असावा तसा. गच्चीवर त्याच्या शेजारी टाकी भरत होती, पाणी धो धो पडत होतं, त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हटलं, पुन्हा बोल. मग म्हटलं, आता बोलू नकोस, नुसतं बटण दाब. त्याने दाबलं.

काही नाही. पडद्यावर कॉलसाइन आलं आणि गेलं. ना खट्, ना पंखा, ना श्वास.

या यंत्राला माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा कळतो. तो आकड्यांत मोडून पाठवायचा आणि पलीकडे जोडून उभा करायचा, बाकी सगळं कचरा म्हणून टाकून द्यायचं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वर्गात शिकवलंही असेल. पण मामांकडे नेमका तेवढा बोलण्याचा आवाजच नव्हता. त्यांच्याकडे बाकीचंच सगळं होतं.

मग मी झपाटल्यासारखे प्रयोग केले. मामा ताटलीवर चमच्याने मोर्स वाजवतील, असं डोक्यात आलं. ताटली वाजवून पाहिली तर पलीकडे नवऱ्याला कोणीतरी गुळण्या करतंय असं ऐकू आलं. शिट्टी वाजवली, तिचं बेडूक झालं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि नवरा गच्चीवरून ओरडला, "अगं, कोणाचा गळा दाबतेयस?" तो हसत होता. मी संच ओट्यावर आपटला. त्याला वाटलं मी त्याच्यावर रागावले, आणि त्याने भांडीसुद्धा घासली.

दुसऱ्या दिवशी दुकानात बैठक झाली. बॅटरीच्या खोक्यांवर आम्ही सगळे बसलो. मी उभीच होते. मी जे ऐकलं ते सांगितलं. बॅटरीवाले भाऊ म्हणाले, "मामांना बी एक नवीन संच देऊ ना. त्यांचं कॉलसाइन दिसलं पडद्यावर की हजेरी लागली."

"कॉलसाइन दिसणं म्हणजे माणूस येणं नव्हे," मी म्हटलं.

"मेसेज टाकतील मग. यात मेसेजची सोय हाये."

"मेसेज मोबाईलवरही येतो, भाऊ. त्याच्यासाठी टेकडी कशाला चढायची?"

कोणी म्हणालं, दोन्ही पद्धती चालू ठेवता येतील. येतील, पण जुन्यावर बोलणाऱ्याचं नव्यावर ऐकू जात नाही. मामा एका खोलीत आणि बाकी सगळे दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. मी खूप बोलले. हात हलवून बोलले, फेऱ्या मारत बोलले, दोनदा कोणाच्या तरी पायावर पाय दिला. शेवटी सगळे गप्प झाले. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. ठरलं असं की तूर्त जुनाच रिपीटर ठोकून-ठाकून चालवायचा आणि नवा खोक्यातच राहू द्यायचा. मी जिंकले होते आणि घरी जाताना मला बरंही वाटलं होतं.

पण आमच्यात कुठलीही गोष्ट पोटात राहत नाही. हवेत बोलणाऱ्या माणसांची ही खोडच. पुढच्याच सकाळी हजेरीत एकाने बटण दाबून सरळ सांगून टाकलं, "नवीन मशीन लावायचं रद्द झालं बरं का, मामांसाठी." चांगल्या मनानेच सांगितलं त्याने. मामा ऐकत होते हे त्याच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. मी शेवटी मामांचं कॉलसाइन पुकारलं.

स्पीकरमधून नुसती रिकामी खरखर आली. मी पुन्हा पुकारलं. मग म्हटलं, लाईट गेली असेल त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी हजेरी घ्यायच्या आधीपासूनच संच हातात घेऊन बसले होते, म्हणजे फिरत होते. आवाज पूर्ण वाढवला. मामांचं नाव घेऊन इतका वेळ थांबले की भाऊ मध्ये म्हणाले, "मॅडम, चालू आहात ना?" मी फोन केला तर मामींनी उचलला. "हायेत की. बसलेत. न्हाई, तब्येत बरी हाये. जेवले." बरे आहेत म्हणतात आणि येत नाहीत. त्या आठवड्यात मी वर्गात दोन गणितं चुकवली आणि एका निरपराध पोराला फळ्याकडे बघत नाही म्हणून बाहेर काढलं. तो फळ्याकडेच बघत होता, मीच दारात उभी होते. मामा आता हवेतून कायमचे जातील, आणि जातील ते माझ्या जिंकण्यामुळे, ही भीती माझ्या मानगुटीवर बसली होती.

रविवारी एका डिजिटल संचात मामांचं कॉलसाइन भरलं, दोन्ही संच पिशवीत टाकले, स्कूटी काढली आणि पुसेगावचा रस्ता धरला. मनात पक्कं केलं होतं की मामांना ऐकवायचंच. नवीन यंत्राने आवाजाची काय कळा होते ते एकदा त्यांच्या कानाने ऐकलं की त्यांनाच पटेल, की आपला जुना रिपीटर काय वाईट.

मामा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. गळ्याभोवती उपरणं. मला बघून हसले नाहीत. बाजेखालची पाटी काढून मांडीवर घेतली आणि खडूने लिहायला लागले. त्यांचं अक्षर वळणदार आणि सावकाश, आणि मला पुरं वाक्य होईस्तोवर धीर कुठला? त्यांनी "माझ्यामु" एवढं लिहिलं आणि मी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही हो मामा, मशीनच बरोबर नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुसलं, पुन्हा लिहायला घेतलं. "मी काय" झालं आणि मी म्हटलं, "तुम्ही काही ओझं नाही, कोण म्हणतं?" तेव्हा त्यांनी पाटीवर खडू असा आपटला की तुकडा उडून कोंबडीला लागला.

मामी चहा घेऊन आल्या. "लिहू दे की त्यांला, पोरी. तू तर पहिल्यापासूनच घायकुती."

मी हात बांधून बसले. मामांनी लिहिलं, मी काय देवळातली घंटा आहे का, माझ्यासाठी सगळ्यांनी थांबायला? मग पुसून लिहिलं, पेटी लावा.

"लावतो," मी म्हटलं. "पण आधी ऐका तरी."

त्यांच्या कॉलसाइनचा संच मी मामांच्या हातात दिला आणि दुसरा मामींना देऊन बांधापर्यंत जायला सांगितलं. त्यांच्याबरोबर मीही गेले, बटण कसं दाबायचं ते दाखवायला. चालताना मामी म्हणाल्या, "लई तकलीफ होऊन राहिली त्यांला. तोंडानं सांगत न्हाईत, आता तर सांगायला तोंडच न्हाई. डाक्टरनं एक यंत्र दिलं व्हतं, टारचीएवढं, गळ्याला लावून बोलायचं. एकदाच लावलं. आमचं कुत्रं भुंकाया लागलं आन् शेजारचं लेकरू पळून गेलं. तवापासून ट्रंकेत पडून हाये."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू? स्टँडावर गाड्या पुकारणारा माणूस. त्यांला लाज वाटती."

बांधावर उभं राहून मामींनी बटण दाबलं आणि एकदम ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "अवो, ऐकू येतंय का? भाजी काय करू?" मी धावतच अंगणाकडे आले. मामांच्या हातातला संच बोलत होता. मामींचाच प्रश्न, पण मामींचा गोडवा गेलेला, सपाट, पत्र्याचा. मामा संच कानाला लावून बसले होते. मी म्हटलं, "बघा. हे असं होतं. बायकोचासुद्धा आवाज ओळखू येत नाही."

मामांचे खांदे हलायला लागले. आवाज नसलेल्या माणसाचं हसणं असंच असतं, आधी खांदे, मग डोळे. त्यांनी पाटीवर लिहिलं, पुन्हा. मी मामींना हात केला. त्या पुन्हा बोलल्या, भाजीचंच. मामांनी पाटी वर धरून तोच शब्द पुन्हा दाखवला. मग माझ्याकडे बोट केलं, तू जा आणि बोल. मी बांधावर जाऊन बोलले, हिंगोलीतल्या हळदीपासून नवऱ्याच्या गुडघ्यापर्यंत जे सुचेल ते. परत आले तर मामा संच कानाशी धरून डोळे मिटून बसले होते, आणि मला वाटलं, आता पटलं त्यांना.

पाटीवर दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं होतं, डिजिटल लावा.

"आणि मग तुमची हजेरी?"

त्यांनी लिहिलं, माझं मी बघीन. संच काही त्यांनी परत दिला नाही. निघताना मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजेवर उशीखाली सारला.

परतीच्या रस्त्यावर मी रडले. स्कूटी चालवताना रडण्यात एक बरं असतं, वारा पुसून टाकतो. मला वाटलं मामांनी आम्हाला मोकळं केलं. आता कॉलसाइन पडद्यावर दाखवतील काही दिवस, आमच्या समाधानासाठी, आणि मग तेही थांबेल. मी गेले होते त्यांना थांबवायला आणि त्यांच्या जाण्याची तयारी करून आले.

रिपीटर आम्ही पुढच्या सुट्टीला बसवला. टेकडीवर खोकं चढवायला सगळे होते. वानरं टाकीच्या कठड्यावर ओळीने बसून बघत होती. भाऊंनी जुन्या पेटीची केबल काढली, नव्या पेटीला जोडली, लॅपटॉपवर काहीबाही टाइप केलं, आणि हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जुनी पेटी उचलून बाहेर आणली. ती अजून कोमट होती. मला तिचा आणि नव्या पेटीचा आणि स्वतःचासुद्धा राग येत होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी वानरांवर ओरडले.

त्या दिवशी दुपारपासून सगळे नव्या यंत्रावर खेळत राहिले. हा विचारतोय माझा आवाज कसा येतोय, तो विचारतोय माझा कसा येतोय. सगळ्यांचे पत्र्याचेच येत होते. बॅटरीवाल्या भाऊंचा सगळ्यात वाईट, त्यांचा आवाज मुळात घोगरा, त्याचं यंत्राने भुसकट केलं होतं. दिवसभर ही गंमत चालू होती. मामांचं कॉलसाइन पडद्यावर एकदाही आलं नाही. ते ऐकत असतील का, एवढंच मी अधूनमधून मनात म्हणत होते.

दुसऱ्या सकाळी मी हजेरी घेतली. माझा आवाज कसा जात होता ते मला ऐकू येत नव्हतं, पण बरा नसणार. एकेक करत सगळे झाले. प्रत्येक जण नव्या यंत्राचं कौतुक करत होता आणि मी "ठीक, ठीक" म्हणत पुढे जात होते. शेवटी मामांचं कॉलसाइन घेतलं आणि बटण सोडलं.

पडद्यावर ते उमटलं. आवाज काहीच नाही. मग गेलं.

मी स्वतःला म्हटलं, झालं, एवढंच मिळणार आता, आणि त्यांच्या वतीने नाव घ्यायला अंगठा बटणावर ठेवला. दाबणार तोच कोणीतरी बोलायला लागलं. सपाट, घरघरता, एका सुरातला आवाज. मला वाटलं भाऊच मध्ये घुसले, आणि मी वैतागून पडद्याकडे बघितलं. पडद्यावर कॉलसाइन मामांचं होतं. आणि तो आवाज तेच कॉलसाइन म्हणत होता, एकेक अक्षर सुटं करून, घाई न करता.

"मी हाय," आवाज म्हणाला. "डाक्टरचं यंत्र लावलंय गळ्याला. आजवर लाज वाटत व्हती. काल दिवसभर तुमचं समद्यांचं ऐकलं. तुमी बी आता माझ्यावानीच बोलून राहिलात. मंग म्हटलं, मीच काहून गप बसू?"

हजेरी माझी, बोलायचं मीच होतं. मी बटण दाबलं. तोंड उघडलं. शब्द येईना, तसंच धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे, मग सोडून दिलं.

"पोरी," आवाज पुन्हा आला, "तुझं कॉलसाइन दिसून राहिलं हितं, आवाज काही येईना. माझा गळा गेलाय, कान न्हाई गेले. बोल."